मिक्सरमध्ये पाणी ओतू देऊ नका

महामार्गावर दिसणाऱ्या फिरत्या पिंपाच्या मिक्सर गाड्या उद्या आपल्या गावच्या रस्त्यावरही येतील. सरपंच, सदस्यांनी त्यांचे काम समजून घ्यायला हवे.

पिंपात मळसूत्री पाती असतात. पिंप एका दिशेने फिरते तेव्हा माल मिसळत राहतो. उलटे फिरले की बाहेर पडतो. पण पाणी लागल्या क्षणापासून सिमेंटची क्रिया सुरू होते, ती पिंप फिरवून थांबत नाही. म्हणून आयएस ४९२६ या मानकानुसार खास रसायन नसेल तर भरल्यापासून दोन तासांत माल उतरवावा लागतो.

उशीर झाला, माल घट्ट झाला, की पाण्याचा पाईप सोडला जातो. पाक पुढे गेल्यावर काहिलीत पाणी ओतून गुळाची ढेप सुधारते काय? काँक्रीटचेही तसेच. जादा पाणी उडून जाते, मागे छिद्रे राहतात, ताकद घटते. मग खड्डे कुणाच्या वाट्याला? आपल्याच की!

तेव्हा चलनावरची भरल्याची वेळ बघा. समोर १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून घ्या. २८ दिवसांचा चाचणी अहवाल हाती आल्याशिवाय ग्रामपंचायतीने अखेरचे बिल काढू नये.