साडेबारा ते दोन या वेळात फोन करा

माननीय बालसेवा संचालक, तसेच आरोग्य मंडळ आणि पोलीस दलातील बालसुरक्षेचे जबाबदार अधिकारी यांस,



गेली अकरा वर्षं मी पश्चिम लंडनमध्ये माझ्या राहत्या घरी मुलं सांभाळते. ऑफस्टेडकडे नोंदणी असलेली चाइल्डमाइंडर आहे. माहेर साताऱ्याचं. या विषयावर मी तुम्हाला दोनदा इंग्रजीत लिहिलं. पोच मिळाली, पुढे काही झालं नाही. हे तिसरं पत्र मराठीत लिहिते आहे, कारण माझ्या दारात मुलं सोडून कामावर धावणाऱ्या आयांनीही ते वाचावं, अशी माझी इच्छा आहे. तुमच्यासाठी इंग्रजी प्रत सोबत आहे.

एका मुलाची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि त्याच्या आईला विचारलंही आहे.

मुलगा अडीच वर्षांचा. आई गोदामात कामाला, वडील डिलिव्हरीची व्हॅन चालवतात. सकाळी सातला तो माझ्याकडे येतो, संध्याकाळी पाचला जातो. दोन वर्षांच्या तपासणीत हेल्थ व्हिजिटरबाईंना तो फारसा बोलताना दिसला नाही, हाक मारली तर बघेना. त्यांनी काळजी नोंदवली आणि अर्ली हेल्पचं, म्हणजे कुटुंबाला वेळीच मदत मिळावी म्हणून करतात ते, मूल्यमापन सुरू झालं. हे त्यांनी योग्यच केलं. पुढे बैठक बसली. हेल्थ व्हिजिटर, वाचा-उपचारतज्ज्ञ, कुटुंब साहाय्य कार्यकर्ती, घरांच्या विभागातलं कुणीतरी, आणि आई. मूल आठवड्याचे पन्नास तास ज्या घरात काढतं, त्या घरातून कुणी नव्हतं. मला बोलावणं आलं नव्हतं. बैठक झाल्याचं मला कळलं ते चार दिवसांनी, आईनं पर्समधून चुरगळलेला फॉर्म काढला तेव्हा. दारातच उभी राहून तिनं विचारलं, "ताई, हे लोक त्याला घेऊन जातील का हो?"

मी तिला आत बसवलं, चहा दिला आणि फॉर्म वाचला. 'घरची भाषा' या रकान्यात हिंदी लिहिलं होतं. 'शब्द' या रकान्यात शून्य.

माझ्या वहीत त्याचे चौदा शब्द होते. पाणी, भूभू, नको, अजून, चांदोमामा, असे. त्यांच्याच खाली मी लिहिलं होतं: समोर बसून बोललं की उत्तर देतो. मी सिंकपाशी पाठमोरी असताना हाक मारली तर वळत नाही. सर्दी झाली की जास्तच. बोलताना माझ्या तोंडाकडे बघतो. दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाच्या प्रगतीचा लेखी आढावा घेणं आम्हाला नियमानं बंधनकारक आहे. तो मी घेतला होता, आईला दिला होता आणि आईनं तो रेड बुकमध्ये, मुलाच्या आरोग्याच्या नोंदवहीत, जपून ठेवला होता. बैठकीत तो कुणी मागितला नाही, आणि दाखवावा हे आईला सुचलं नाही.

श्रवणचाचणी पुढे झाली ती आईनं आणि मी जीपीच्या मागे लागून. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे चिकट पाणी साठलं होतं. मधल्या पाच महिन्यांत ते मूल अर्धवट ऐकत राहिलं आणि आई रात्रपाळीवरून येऊन झोपायच्या ऐवजी रडत राहिली. त्याचा पाढा वाचायला हे पत्र लिहीत नाही. त्या खोलीतल्या प्रत्येकानं आपलं काम मनापासून केलं होतं, यावर माझा विश्वास आहे. पण हेल्थ व्हिजिटरबाईंनी त्याला पाहिलं ते चाळीस मिनिटं, तेही अनोळखी जागी. मी त्याला जेवताना, भांडताना, झोपेतून उठताना रोज बघत होते.

ही बैठकीची पद्धत आली कुठून, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तरी एक गोष्ट मी पुन्हा समोर ठेवते. व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आयव्हरी कोस्टहून फ्रान्समार्गे इथे आणलेली, फ्रेंच बोलणारी मुलगी. 25 फेब्रुवारी 2000 रोजी लंडनमध्ये ती आठ वर्षांची असताना गेली. तिच्या अंगावर 128 जखमा आणि व्रण मोजले गेले. लॉर्ड लेमिंग यांचा अहवाल जानेवारी 2003 मध्ये आला, 108 शिफारशींसह. त्यानंतर 2004 चा बालकायदा झाला आणि निरनिराळ्या खात्यांनी एकाच कागदावर मूल्यमापन करायची पद्धत रुजली. हे सगळे सांगतात. पण त्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे. जुलै 1999 मध्ये, म्हणजे मृत्यूच्या सात महिने आधी, व्हिक्टोरियाला इस्पितळात कुणी पाठवलं? तिला सांभाळणाऱ्या बाईंनी. त्यांनी अंगावरच्या खुणा पाहिल्या, त्यांना राहवेना, आणि 14 जुलैला त्यांची मुलगी व्हिक्टोरियाला घेऊन सेंट्रल मिडलसेक्स इस्पितळात गेली. तिथे खरूज असं निदान झालं आणि दुसऱ्याच दिवशी व्हिक्टोरिया परत तिला इथे घेऊन आलेल्या, तिचा छळ करणाऱ्या नात्यातल्या बाईच्या हाती गेली. तिला सांभाळणाऱ्या त्या बाई नोंदणीकृत नव्हत्या, हे खरं. पण त्यांचे डोळे खरं बोलत होते.

वीस वर्षांनंतर स्टार हॉब्सन. यॉर्कशरमधली सोळा महिन्यांची मुलगी, सप्टेंबर 2020 मध्ये मारली गेली. तिच्याबद्दलची पहिली सूचना त्याच वर्षी जानेवारीत कौन्सिलकडे गेली होती आणि तीही तिला अधूनमधून सांभाळणाऱ्या, घरच्या ओळखीतल्या व्यक्तीनं दिलेली. नातेवाइकांच्या सांगण्याला पुरेसं वजन दिलं गेलं नाही, असं 2022 च्या राष्ट्रीय आढाव्यात म्हटलं आहे. मी ते पान वाचून रात्रभर जागी होते.

मूल सांभाळणाऱ्या बाईला काय दिसतं? सोमवारी सकाळी मूल किती भुकेलं आहे ते दिसतं. हिवाळ्यात एकाच ओल्या वासाचा कोट तीन आठवडे येतो, तेव्हा घरातलं हीटिंग बंद आहे हे कळतं. न्यायला रोज आई येत होती, आता काका येतात आणि मूल बूट घालायला वेळ लावतं. यातलं एकेकटं काहीच सिद्ध करत नाही, म्हणून तर ते चारजणांत मांडून बघावं लागतं. चांगलंही दिसतं आणि तुमच्या फॉर्मवर त्याला जागा फार कमी असते. थकलेला बाप दारात गुडघ्यावर बसून मुलाच्या जॅकेटची चेन लावताना तेच बडबडगीत रोज म्हणतो, ही त्या कुटुंबाची ताकद आहे. ती कुणी लिहून घ्यायची?

नियमांत आम्ही आहोत. 2006 च्या चाइल्डकेअर कायद्यानं बालसुरक्षेची जबाबदारी मोठ्या नर्सरीइतकीच माझ्यावरही टाकली आहे. प्रशिक्षण मी वेळच्या वेळी घेते. मात्र 2018 च्या सरकारी मार्गदर्शिकेत कुटुंबाची मुख्य समन्वयक व्यक्ती कोण असू शकेल याची उदाहरणं दिली होती, त्यांत जीपी होते, शाळेची परिचारिका होती, शिक्षक आणि हेल्थ व्हिजिटरही होते. चाइल्डमाइंडर नव्हती. माझा समन्वयक होण्याचा आग्रह नाही. पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आमचं घर येत नाही, हे त्यातून कळतं.

एक अवघड गोष्टही मोकळेपणानं लिहायला हवी. आई-वडील मला पैसे देतात. ते माझ्यावर विश्वास टाकतात, आणि परक्या देशात तर मी कित्येकींची बहीण, वहिनी, सगळंच असते. मी बैठकीत जाऊन बोलले तर मी चहाडखोर ठरेन का, ही भीती मला आहे आणि माझ्यासारख्या सगळ्यांना आहे. म्हणूनच मला मागच्या दारानं विचारू नका. आईच्या समोर, तिच्या संमतीनं बोलवा. जे मी तिथे बोलणार आहे ते मी तिला आधीच सांगितलेलं असेल. मुलाला इजा होते आहे असं वाटलं तर मात्र मी कुणाची परवानगी न घेता फोन करेन. हे मी प्रत्येक कुटुंबाला पहिल्याच दिवशी सांगते.

आणि आयांनो, तुमच्यासाठी थोडंसं. अर्ली हेल्पचं मूल्यमापन तुमच्या होकाराशिवाय होत नाही, ते मूल काढून घेण्यासाठी नसतं. बैठकीला जाताना रेड बुक आणि माझा आढावा दोन्ही न्या, आणि दुभाषी हवा असेल तर आधीच मागा. घरची भाषा मराठी आहे, हे तुम्ही स्वतः लिहा.

साहेब, आता अडचण. माझ्याकडे एका वेळी आठ वर्षांखालची सहा मुलं असू शकतात, त्यांत शाळेत न जाणारी लहान तीन. मंगळवारी सकाळी साडेदहाची बैठक म्हणजे मी तीन लहानग्यांना कुणाकडे सोडू? घर बंद ठेवलं तर तीन आया कामावर जाऊ शकत नाहीत आणि माझी त्या दिवसाची कमाई जाते. तुमच्या टेबलाभोवती बसलेल्या बाकी सगळ्यांना त्या तासाचा पगार मिळतो. बैठकीच्या वेळेचं मानधन, किंवा तेवढ्यापुरती नोंदणीकृत बदली साहाय्यक, यासाठी थोडी तरतूद करा. ते जमेपर्यंत निदान एक पान पाठवा, मी भरून देते. शेवटी ठरलेल्या योजनेची, आईची हरकत नसेल तर, एक प्रत मला द्या. योजनेत 'रोज समोर बसून पुस्तक वाचणे' असं लिहिलेलं असतं, आणि रोज समोर बसणारी मी असते.

आमची संख्या घटते आहे. 2012 मध्ये इंग्लंडमध्ये पन्नास हजारांहून जास्त चाइल्डमाइंडर होत्या, आज त्याच्या निम्म्याही उरल्या नाहीत. माझ्या गल्लीतल्या दोघींनी गेल्या काही वर्षांत काम सोडलं. त्यांतल्या एकीनं एका बाळाबद्दल फोन केला होता. त्या फोनचं पुढे काय झालं, बाळ बरं आहे का, हे तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. ती अजूनही मला विचारते.

त्या मुलाची पुढची बैठक याच महिन्यात आहे. आईनं या वेळी माझं नाव लिहून दिलं आहे. साडेतीनला शाळा सुटते, तेव्हा मी फाटकापाशी असते. साडेबारा ते दोन या वेळात मुलं झोपलेली असतात. तेव्हा व्हिडिओ फोन करा. जिन्यात बसून, हळू आवाजात बोलेन. वही हाताशी ठेवते. आता तिच्यात एकसष्ट शब्द झालेत.

आपली नम्र,
एक चाइल्डमाइंडर, पश्चिम लंडन