चाळीच्या मातीतला पुरावा

साहेबाच्या अहवालात एक लिहिलेले असते आणि गरिबाच्या घराच्या मातीत कधी कधी दुसरेच सापडते. आज अशाच एका वस्तीची हकीकत सांगतो.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे. इंग्रजांनी तिथली जमीन बळकावली, मूळ रहिवाशांची कत्तल केली. उरलेल्यांना जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन याने सांभाळ करण्याचे आश्वासन देऊन फ्लिंडर्स बेटाकडे पाठवले. १८३३ साली तिथे वायबलेना ही वसाहत उभी राहिली. वसाहत सरकारी, पण शिस्त मिशनची. प्रार्थना, शाळा, अंगावर साहेबी कपडे. रॉबिन्सनने माणसांची नावेसुद्धा बदलली आणि सुधारणा जोरात चालल्याचे वर कळवले. इकडे माणसे आजाराने मरत होती. शंभराहून अधिक तिथेच गेली.

१९६९ पासून ज्युडी बर्मिंगहॅम या संशोधक बाईंनी तिथे उत्खनन केले. विटांच्या घरांची चाळच जमिनीखालून वर आली. बटणे, मातीच्या चिलमी, कपबशांचे तुकडे मिळाले. त्याबरोबरच शिकार करून आणलेल्या रानटी प्राण्यापक्ष्यांची हाडेही मिळाली. म्हणजे साहेबाने दिलेले कपडे घातले, तरी लोकांनी आपले अन्न आणि आपली शिकार सोडली नव्हती. कुठल्या घराने काय घेतले, काय नाकारले, हे घराघरांतल्या केरावरून कळते.

लेखणीही त्यांनी उचलली. १८३६-३७ मध्ये तिथल्या तरुणांनी हाताने लिहिलेले वर्तमानपत्र काढले. त्यावर रॉबिन्सनची नजर असे. त्या लिहिणाऱ्यांपैकी वॉल्टर जॉर्ज आर्थर याने पुढे १८४६ साली सात सोबत्यांसह अधिकाऱ्याच्या जुलमाविरुद्ध थेट व्हिक्टोरिया राणीकडे अर्ज केला. आम्ही स्वतंत्र माणसे आहोत, करार करून आलो आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. त्याबद्दल वॉल्टरला कोठडी भोगावी लागली. पण चौकशी झाली. १८४७ साली वसाहत बंद झाली आणि वाचलेल्या ४७ जणांना टास्मानियात परत नेले.

१८७६ साली त्रुगानिनी ही बाई वारली, तेव्हा 'टास्मानियाचे मूळ लोक संपले' असे जगाला सांगितले गेले. ते खोटे होते. त्यांचे वंशज आजही आहेत, आणि १९९९ साली वायबलेनाची जमीन त्यांच्या समाजाला परत मिळाली.

म्हणून घरातला जुना अर्ज, जुनी पावती, आजीची वस्तू केरात टाकू नका. मुलांना जवळ बसवून तिची गोष्ट सांगा. आपण नाही सांगितली, तर दुसरा कोणी त्याला हवी तशी सांगेल.