पहिला कॅमेरा, दुसरी लेन्स

डीएसएलआर कॅमेरा हाती आला, की आमच्या पिरनवाडीच्या मित्रांना लगेच लांब पल्ल्याची झूम लेन्स हवी असते. माझे मत निराळे आहे. बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ रात्री निघतात. तेथे कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ लेन्स अपुरी पडते. ५० मि.मी., एफ १.८ ही छोटी लेन्स एफ ५.६ च्या मानाने सुमारे दहापट प्रकाश आत घेते. मात्र निकॉन डी ३५०० सारख्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते, म्हणून एएफ-एस लेन्सच पाहावी. मी न विचारता स्वस्तातली जुनी 'डी' लेन्स घेतली आणि वर्षभर हाताने फोकस जुळवीत बसलो! उरलेल्या पैशांत हवाबंद डबा व सिलिका जेल घ्यावे. आमच्याकडच्या पावसाळ्यात काचेला बुरशी लागते, आणि घरी पुन्हा पैसे मागण्याची सोय नसते.