धर्मसेवकाची हिशेबवही

धर्मसेवकाने वेदी आणि प्रवचनपीठ सांभाळावे, पैशाअडक्याच्या व्यवहारात पडू नये, असे मत आपल्या धर्मग्रामांत वारंवार ऐकू येते. मत सोज्ज्वळ दिसते. आम्हांस मात्र ते केवळ सोयीचे वाटते. ते कोणाच्या सोयीचे आहे, हे पाहण्यासाठी एका परपंथीय धर्मसेवकाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डेव्हिड टेव्स हे मेनोनाइट. ज्या मेनो सायमन्स यांच्या नावाने हा पंथ ओळखला जातो, ते १५३६ पर्यंत कॅथलिक धर्मगुरूच होते. प्रौढांचा बाप्तिस्मा आणि शस्त्रत्याग या आग्रहांपायी या पंथीयांचा कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही सत्तांनी छळ केला, हेही आपण विसरू नये. टेव्स यांचा जन्म १८७० मध्ये रशियात व्होल्गाकाठी झाला. बालपणीच घराण्याबरोबर मध्य आशियाची खडतर वाट, १८८४ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस, पुढे १८९३ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा आणि नंतर सस्कॅचेवान, असा त्यांचा प्रवास. तेथे ते शिक्षक झाले, १९०१ मध्ये धर्मसेवक झाले आणि नंतर बिशपसमान असे 'एल्डर' पद त्यांच्याकडे आले. निर्वासित म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९१९ मध्ये कॅनडा सरकारने हुकूम काढून मेनोनाइटांना देशात येण्यास बंदी केली. त्यांच्या चालीरीती वेगळ्या, म्हणून ते नकोत, असा त्यातला आशय. त्याच वेळी रशियात क्रांती, यादवी आणि दुष्काळ यांनी त्यांची गावे उद्ध्वस्त होत होती. १९२२ मध्ये बंदी उठली. पण दार उघडले तरी तिकिटाचे काय? त्याच वर्षी स्थापन झालेल्या वसाहत मंडळाचे टेव्स अध्यक्ष होते. त्यांनी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेशी करार केला: कंपनीने लोकांना उधारीवर आणावे, परतफेडीची हमी मंडळाने द्यावी. गहाण ठेवायला मंडळाजवळ काही नव्हते, शब्द होता.

आणि विरोध झाला तो घरातूनच! आधीपासून स्थिरावलेल्या अनेक मेनोनाइटांना हा करार अविचार वाटला. ज्यांचे तोंडही पाहिले नाही, त्यांच्या कर्जात आपल्याला का गोवता, हा त्यांचा सवाल होता. त्या भीतीला आम्ही खोटी म्हणणार नाही. पण शुद्ध अध्यात्माच्या कैवाऱ्यांना आम्ही विचारतो, उभी असलेली आगगाडी प्रवचनाने सुटते काय? जुलै १९२३ मध्ये पहिला जथा रॉस्थर्न गावी उतरला. १९३० पर्यंत सुमारे वीस हजार माणसे कॅनडात पोचली. १९२९ मध्ये मॉस्कोच्या वेशीवर जमलेल्या हजारोंपुढे मात्र कॅनडाचे दार पुन्हा लागले, आणि त्यांतील कित्येकांना सोविएत सत्तेने माघारी धाडले. टेव्स यांची धडपड तेथे निष्फळ ठरली.

कर्जाची मुद्दल सतरा लाख डॉलरांहून अधिक होती. त्यावर व्याज चढत गेले, आणि १९३० नंतर मंदी व अवर्षण यांनी शेतकरी मोडला. मग हा वृद्ध एल्डर मंडळीमंडळींतून हात पसरीत हिंडला, पत्रांमागून पत्रे लिहीत राहिला. प्रवचनापेक्षा वसुलीसाठी येणारा धर्मसेवक लोकांना कितपत आवडतो, हे वाचकांस सांगावयास नको. खेड्यांतल्या तरुण मुली विनिपेग, व्हँकुव्हरसारख्या शहरांत श्रीमंतांच्या घरी धुणीभांडी करून मिळालेला पगार या कर्जात भरीत. आमच्या मते या कथेतील खरा त्याग त्यांचा आहे, आणि त्यांची नावे कोणी फारशी घेत नाही.

आपल्या आक्षेपकांना आम्ही एवढेच सुचवू की त्यांनी या मुलींच्या पगाराला ऐहिक व्यवहार म्हणून पाहावे आणि मग आपले मत पुन्हा उच्चारून दाखवावे. रेल्वे कंपनीने अखेर व्याजाचा मोठा भाग सोडला. नोव्हेंबर १९४६ मध्ये कर्ज फिटल्याचे जाहीर झाले. टेव्स तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. २५ फेब्रुवारी १९४७ रोजी ते निवर्तले.