रंग कुणी बदलला?

सबमिशनचे दिवस आले की होस्टेलवर एक तक्रार हमखास ऐकू येते, "अरे, फोटो चांगला होता, पीडीएफमध्ये रंगच बिघडला!" मग कुणी म्हणतं व्हायरस आहे, कुणी म्हणतं फाईल करप्ट झाली. शेवटी दुसरीकडून स्क्रीनशॉट काढायचा, चिकटवायचा आणि मोकळं व्हायचं. माझा आक्षेप आहे तो या शेवटच्या उपायाला.

आपल्या बीड जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. कापसाच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखायचा, हा आपल्याकडे कुणालाही सुचेल असा प्रोजेक्ट. लाल्यामध्ये पान लाल पडतं. मॅग्नेशियम कमी पडलं असेल तर पान लाल होतं, शिरा मात्र हिरव्या राहतात. म्हणजे इथे रंग ही सजावट नाही, रंग हीच माहिती आहे. तेच पान रिपोर्टमध्ये निळं दिसलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

मित्रहो, फाईलमध्ये रंग नसतातच; नुसते आकडे असतात. त्यांचा अर्थ कसा लावायचा हे वेगळं ठरलेलं असतं. गडबड होते ती तिथे. पडद्यासाठी लाल-हिरवा-निळा म्हणजे आरजीबी, छपाईसाठी चार शाया म्हणजे सीएमवायके. ओपनसीव्ही फोटो वाचताना निळा आधी आणि लाल शेवटी ठेवतं. तसाच तो दुसऱ्या लायब्ररीकडे दिला की लाल आणि निळ्याची अदलाबदल! हिरवा मधला, म्हणून तो जागचा हलत नाही. लाल पान निळं, पण शिरा हिरव्याच, असं दिसलं तर पीडीएफ बिचारी निर्दोष आहे. चूक आपल्या प्रोग्राममध्ये आहे.

फोटो निगेटिव्हसारखा दिसला तर कारण वेगळं. फोटोशॉप सीएमवायके जेपेगमध्ये आकडे उलटे लिहितं. 'हे उलटे वाचा' अशी सूचना पीडीएफमध्ये असते, पण एखादा व्ह्यूअर ती पाळत नाही. आणि रंग नुसते फिके किंवा भडक दिसले, तर बहुधा सीएमवायके फोटोसोबत रंगांचं प्रोफाईल नाही. मग प्रत्येक व्ह्यूअर आपापल्या अंदाजाने रंग काढतो.

शोधायचं कसं? आधी नाईट लाईट बंद करा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटाव्यात! मग तीच फाईल दोन वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडा. एकातच बिघाड असेल तर दोष बहुधा व्ह्यूअरचा. सगळीकडे सारखाच असेल तर फाईल बनवतानाचा. लिनक्सवर पॉपलरसोबत येणारी 'पीडीएफइमेजेस' ही कमांड प्रत्येक फोटो आरजीबी आहे की सीएमवायके, हे यादी करून दाखवते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे लॅबमध्ये आपण शिकतोच ना?

स्क्रीनशॉटने यातलं काहीच कळत नाही. तो दोष झाकतो, वर फोटोची स्पष्टताही घालवतो. फोटो एडिटरमध्ये नेऊन 'बरा दिसेल' असा रंग देणं तर त्याहून वाईट. ती दुरुस्ती नव्हे, तो पुरावा बदलणं झालं. दुरुस्ती मुळाशीच व्हायला हवी: पडद्यावर वाचायचा रिपोर्ट एसआरजीबीमध्ये, प्रेसला जाणारा प्रेसने सांगितलेल्या प्रोफाईलसह. शिवाय फोटोखाली रंग शब्दांत लिहा. रिपोर्टची झेरॉक्स काळीपांढरीच निघते, तेव्हा ती एक ओळच कामाला येते.

सरांना आणि मॅडमना एक विनंती. रंग बिघडलेला दिसला तर नुसते मार्क कापू नका. व्हायव्हात विचारा, "रंग नेमका कुठे बदलला?" ज्याला हे सांगता येईल त्याला मार्क द्या. उद्या एखादा शेतकरी मोबाईलवर असंच पान बघून औषध आणायला जाईल. त्याला व्हायव्हा नसतो, थेट खर्चच असतो.