दप्तर आणि त्याची नक्कल

सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात विकसित झालेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली २००७ साली वापरात आली. तिचा पाया डेबियनचा. त्यामुळे संगणकावर कोणते पॅकेज, कोणत्या आवृत्तीचे आहे, याची नोंद ‘डीपीकेजी’च्या ‘स्टेटस’ नामक एकाच फाइलीत राहते.

वीज अचानक गेल्याने वा डिस्क बिघडल्याने ही फाइल नष्ट झाली, तरी कार्यालयाचे काम त्या दिवशी थांबत नाही. खरा धोका येथेच आहे. नोंद हरवलेल्या संगणकाला सुरक्षाविषयक सुधारणा मिळत नाहीत, आणि त्याची झळ अखेर नागरिकांच्या माहितीला बसते.

अशा वेळी सारी प्रणाली पुसून नव्याने बसवण्याची घाई करू नये. त्याच फोल्डरमध्ये ‘स्टेटस-ओल्ड’ ही आधीची प्रत असते; ‘व्हार’मधील ‘बॅकअप्स’ फोल्डरमध्येही मागील काही प्रती असतात. त्यांतील शाबूत प्रत जागी ठेवावी व नंतरचे बदल डीपीकेजीच्या लॉगवरून ताडून ती पॅकेजे पुन्हा बसवावीत.

परंतु या साऱ्या प्रती बहुधा एकाच डिस्कवर असतात. मूळ दप्तर आणि त्याची नक्कल एकाच कपाटात ठेवणाऱ्या कारकुनास आपण जाब विचारू. संगणकाबाबत मात्र तेच चालवून घेतो. माझ्या मते, ही प्रत कोणी, कोठे व किती दिवसांनी ठेवावी, हे पदनामासह लेखी आदेशात नमूद असावे. प्रणाली मोफत मिळते. तिची निगा राखण्याची जबाबदारी मात्र नेमून द्यावी लागते.