कुणालाच मत द्यायचे नाही?



निवडणूक जवळ आली की आपल्या मोहल्ल्यात रिक्षावरचे भोंगे सुरू होतात. त्याच दिवसांत चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते, "सगळे सारखेच! कुणालाच मत द्यायचे नाही." तुमच्या घरीही कदाचित असेच बोलले जात असेल.

हे बोलणे अगदी खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीतले गटार उघडे आहे. त्यावर फरशा टाकू, असे आश्वासन आम्ही दोन निवडणुकांत ऐकले. निवडून आल्यावर कोणी गल्लीत फिरकले नाही. आमच्या शेजारचे चाचा तेव्हापासून मतदानालाच जात नाहीत. मला म्हणतात, "बेटी, तू शिकलेली आहेस. तूच सांग, मत देऊन आम्हाला काय मिळाले?"

चाचांचा राग मला पटतो. पण रागावून घरी बसल्यावर काय होते, हेही मी पाहिले आहे. आम्हा शिक्षकांना निवडणुकीचे काम असते. एकदा मी मतदारांच्या बोटाला शाई लावायला बसले होते. संध्याकाळी मतदान संपले, तेव्हा यादीतल्या कितीतरी नावांपुढे खूण नव्हती. निकालानंतर कोणत्या केंद्रावर किती मते पडली, याचे आकडे जाहीर होतात. पुढारी ते आकडे बारकाईने वाचतात. जो मोहल्ला मतच देत नाही, त्याच्या नाराजीची त्यांना चिंता कशाला वाटेल?

एका मताने काय होते, असेही लोक विचारतात. २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत प्रभाग क्रमांक २२० मध्ये दोन उमेदवारांना अगदी सारखी, म्हणजे ५,९४६ मते पडली. शेवटी चिठ्ठी काढून निकाल लावावा लागला. त्या दिवशी आळसाने घरी राहिलेल्या माणसाला काय वाटले असेल?

उमेदवार पसंत नसतील, तर २०१३ पासून यंत्रावर 'नोटा'चे बटण आहे. पण लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत 'नोटा'ला सर्वांत जास्त मते पडली, तरी उमेदवारांपैकी जो पुढे असेल तोच निवडून येतो. म्हणून मला वाटते, चांगला कोण हे कळत नसेल, तर त्यातल्या त्यात बरा कोण हे शोधावे. उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि आपल्यावरचे खटले लिहून द्यावे लागतात. ते कोणालाही वाचता येते. टपरीवर बसून सगळे सारखे म्हणणे मात्र फार सोपे आहे.

मत देण्यासाठी आधी यादीत नाव हवे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी पुष्कळ स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच त्यांनी सांगितले. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद यादीतून काढून टाकावी लागली. त्या कोणाच्या तरी दादी-नानीच होत्या.

तुम्हाला मत द्यायला अजून काही वर्षे आहेत. पण तुम्हाला मराठी वाचता येते! आमच्या वस्तीची मतदार यादी मराठीत असते आणि अनेक वडीलधाऱ्यांना ती वाचता येत नाही. मागच्या वेळी आमच्या नववीच्या एका मुलीने ती गल्लीत वाचून दाखवली. एका खालांच्या नावात 'ज'च्या जागी 'झ' छापला होता. एकांचे वय चुकले होते. चाचांचे नाव तर यादीत नव्हतेच. इतकी वर्षे मत न देणारे चाचा एकदम चिडले, "माझे नाव कोणी काढले?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिच्याकडून अर्ज भरून घेतला.

मग तिनेच गटाराबद्दल नगरपालिकेला अर्ज लिहिला आणि गल्लीतल्या सर्वांच्या सह्या घेतल्या. पहिली सही चाचांची होती. गटारावर फरशा अजून पडलेल्या नाहीत. परवा ती दुसरा अर्ज लिहीत होती. 'विनंती' शब्दात पहिली वेलांटी की दुसरी, हे विचारायला ती माझ्याकडे आली होती.